तिसऱ्या धावेला घसरणारा गिअर

धुळ्याचे एक वाचक लिहितात :

सादर नमस्कार. माझ्याकडे जुनी घेतलेली, मागच्या चाकांवर चालणारी जर्मन बनावटीची पेट्रोल सेडान आहे. तिला झेडएफ या जर्मन कंपनीचा ८एचपी४५ हा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. परवानगी घेऊन भरवलेल्या ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतींत मी ती वर्षातून दोन-तीनदा उतरवतो. गेल्या हिवाळ्यात इंजिनाचा रिमॅप करून घेतला, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्याच्या संगणकातली मांडणी बदलून घेतली. मूळचा ३५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आता ४४० च्या घरात गेला आहे, असे ट्यूनर सांगतात. एप्रिलमध्ये गिअरबॉक्सचे तेल फिल्टरसह बदलले आणि त्याच सुमारास त्रास सुरू झाला. पहिल्या दोन धावा स्वच्छ जातात. तिसऱ्या धावेत दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना आरपीएम एकदम वर उडतात आणि गाडी क्षणभर ओढतच नाही. चौथ्यावरून पाचव्याला तेच थोड्या प्रमाणात होते. पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा हे बदल मात्र व्यवस्थित होतात. रोजच्या वापरात काहीच जाणवत नाही. इथल्या एका गॅरेजने दहा मिनिटे गाडी फिरवून ‘गिअरबॉक्स गेला, दुसरा बसवा’ असे सांगितले, आणि आकडा असा सांगितला की आप्पांनी दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. स्कॅनरची नोंद सोबत जोडली आहे. गिअरबॉक्स खरोखरच गेला आहे का?

उत्तर :

पत्र आणि नोंद वाचून मला तसे वाटत नाही, आणि एवढे तरी आप्पांना आजच सांगायला हरकत नाही. जो दोष तेल तापल्यावर आणि पूर्ण रेस दिल्यावरच दिसतो, तो दहा मिनिटांच्या शहरातल्या फेरीत दिसणे शक्यच नव्हते. त्या फेरीवरून दिलेला निकाल हा अंदाज आहे. तुम्ही मात्र एक गोष्ट फार चांगली केलीत. कोणता बदल बिघडतो याच्याबरोबरच कोणता बिघडत नाही, हेही लिहिलेत. बहुतेक पत्रांत ‘गिअर स्लिप होतो’ एवढेच असते, आणि त्यावरून कोणालाही काही सांगता येत नाही.

तुमच्या गिअरबॉक्समध्ये चार प्लॅनेटरी संच (एका मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या दातेरी चक्रांचे संच) आहेत आणि त्यांना धरणारे-सोडणारे पाच घटक आहेत : ए आणि बी हे दोन ब्रेक, आणि सी, डी, ई हे तीन क्लच. कोणत्याही गिअरमध्ये या पाचांपैकी तीन घट्ट धरलेले असतात आणि दोन मोकळे असतात. पहिल्या गिअरला ए, बी आणि सी धरलेले असतात, दुसऱ्याला ए, बी आणि ई, तिसऱ्याला बी, सी आणि ई, चौथ्याला बी, डी आणि ई, तर पाचव्याला बी, सी आणि डी. हे कागदावर एकाखाली एक लिहिले की प्रत्येक बदलात एकच घटक सुटतो आणि एकच नव्याने धरतो, हे लगेच दिसते. पहिल्यावरून दुसऱ्याला जाताना ई धरायला येतो, दुसऱ्यावरून तिसऱ्याला सी, तिसऱ्यावरून चौथ्याला डी, आणि चौथ्यावरून पाचव्याला पुन्हा सी. तुमचे बिघडणारे दोन्ही बदल सी क्लच धरायला येतो तेच आहेत, आणि न बिघडणाऱ्या दोन्ही बदलांत धरायला येणारा घटक दुसराच आहे. एखादा पान्हासुद्धा हातात न घेता संशय पाच घटकांवरून एकावर आला.

आता तुमची नोंद पाहू. ती पाहताना बदल चालू असतानाच्या ओळी सोडून द्याव्यात, कारण त्या क्षणी एक क्लच सुटत आणि दुसरा धरत असतो आणि आकडे जुळणारच नाहीत. बदल पूर्ण होऊन साधारण अर्धा सेकंद झाल्यावरची ओळ घ्यावी. तिसऱ्या धावेतल्या तिसऱ्या गिअरच्या त्या ओळीत गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग २,२०० आरपीएम आहे. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर २.१०६ असल्यामुळे आत येणाऱ्या, म्हणजे टर्बाइनच्या शाफ्टचा वेग सुमारे ४,६३० असायला हवा होता. नोंदीत तो ५,२७० आहे. जवळजवळ १४ टक्के घसरण झाली. पाचव्याच्या ओळीत बाहेरचा वेग ४,०२० आहे, गुणोत्तर १.२८५ आहे, म्हणजे आतला वेग ५,१६५ च्या आसपास हवा, आणि दिसतो ५,४२०. ही घसरण पाच टक्के आहे. प्रत्येक गिअरमध्ये एकाच क्लचवर येणारा भार वेगळा असतो, त्यामुळे दोन्ही ठिकाणी टक्केवारी सारखी येईल अशी अपेक्षा ठेवू नये. पहिल्या धावेतल्या याच ओळी मी ताडून पाहिल्या. तिथे हिशेब बरोबर जुळतो.

याच नोंदीतून आणखी तीन संशयित आपोआप सुटतात. तिसऱ्या गिअरच्या त्या ओळीत इंजिनाचा वेग ५,२८० आणि टर्बाइनचा ५,२७० आहे, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाला तेलातून गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच घट्ट धरून आहे आणि घसरण त्याच्या पुढे, गिअरबॉक्सच्या आत होत आहे. मागची चाके जागच्या जागी फिरत असती तर आतला आणि बाहेरचा वेग एकमेकांशी जुळला असता आणि फक्त पुढच्या चाकांचा वेग मागे राहिला असता. आणि सतत धावल्याने इंजिनात जाणारी हवा तापून ताकद कमी झाली असती, तर आरपीएम वर उडाले नसते, उलट सावकाश चढले असते. ड्रॅगच्या गाड्यांत या तीन गोष्टींना ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणण्याची इतकी सवय आहे की हा हिशेब आधी करावा असे मी प्रत्येकाला सांगतो.

यापुढचा प्रश्न असा की सी क्लच का घसरतो. त्याच्या प्लेट जळाल्या आहेत, की प्लेट चांगल्या आहेत पण त्यांना दाबणारे तेल पुरेशा दाबाने आणि वेळेवर पोहोचत नाही? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे आणि त्याचे कारण पहिला गिअर आहे. वरची यादी पुन्हा पाहा : सी क्लच पहिल्या गिअरलाही धरलेला असतो, आणि जागेवरून निघतानाचा जोर त्यालाही पेलावा लागतो. प्लेट संपल्या असत्या तर तिसऱ्या धावेत गाडी निघतानाच घसरली असती. तुमच्या नोंदीत पहिल्या गिअरचा हिशेब तिसऱ्या धावेतही जुळतो. फरक एवढाच की पहिल्या गिअरला हा क्लच गाडी उभी असताना सावकाश भरलेला असतो, आणि तिसऱ्या-पाचव्याला तो पूर्ण रेसवर, सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतक्या वेळात भरावा लागतो. तेल पातळ झाले की कुठेतरी झिरपते आणि क्लच अर्धवट भरतो. ते झिरपणे क्लचच्या पिस्टनच्या सीलमधून असेल, किंवा त्याला तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्ह किंवा सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणाऱ्या झडपेत) असेल.

तिथवर पोहोचण्याआधी मात्र तेलाची पातळी तपासा, कारण तुम्ही तेल एप्रिलमध्ये बदललेत. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना, भरण्याच्या बुचातून तेल काठोकाठ येऊन ओघळू लागले की पातळी बरोबर आहे असे मानायचे असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी गॅरेजच्या पत्र्याखाली उभी राहिलेली गाडी सुरू होण्याआधीच चाळिशी ओलांडून बसलेली असते, आणि जळगाव-भुसावळकडे तर पंचेचाळीसच्या वर गेलेला पारा कोणाला नवा नाही. इंजिन सुरू केल्यावर पन्नास अंश गाठायला काही मिनिटे पुरतात. त्यानंतर फुगलेले तेल ओघळताना पाहून बूच लावले की गाडीत तेल कमी राहते. हे काम पहाटे करावे, आणि तापमान स्कॅनरवर पाहून करावे, हात लावून नव्हे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्यांची ऑटोमॅटिक गाडी माझ्याकडे आली होती. तिचा गिअर एरवी ठीक चालायचा आणि शिरपूर सोडून बिजासन घाट चढायला लागले की घसरायचा. मी तेलाचा वास घेतला, तो किंचित जळका वाटला, आणि गिअरबॉक्स उतरवून उघडला. आतल्या प्लेट नव्यासारख्या होत्या. चार दिवसांनी, सगळे परत बसवल्यावर, लक्षात आले की आधीच्या मिस्त्रीने मे महिन्यात दुपारी तेल भरले होते आणि ते सुमारे लिटरभर कमी होते. चढावर तेल मागे सरकायचे, पंपाच्या तोंडाशी हवा यायची आणि दाब पडायचा. त्या चार दिवसांच्या मजुरीचे पैसे मी घेतले नाहीत, आणि घ्यायला तोंडही नव्हते. घाटाचा चढ काही अंशांचा असतो. तुमची गाडी पाच सेकंदांत ताशी १०० किलोमीटर गाठत असेल, तर तेवढ्या वेळापुरते सम्पमधले (गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पात्रातले) तेल जमिनीच्या रेषेशी सरासरी ३० अंशांचा कोन करून मागे चढलेले असते. घाटात जे लिटरभर कमी पडले, ते ड्रॅगमध्ये त्याहून लवकर जाणवेल.

केवळ तेल कमी असते तर सगळेच बदल थोडेफार बिघडले असते, म्हणून पातळी हे तुमच्या त्रासाचे एकमेव कारण असेल असे मला वाटत नाही. पण ती तपासायला काही खर्च नाही, आणि पातळी चुकीची असताना पुढची कोणतीही तपासणी खरी निघणार नाही. बूच उघडलेच आहे तर तेलाचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाका आणि शेजारी न वापरलेल्या त्याच तेलाचा थेंब टाका. रंग सर्वत्र सारखा पसरला तर चांगले. मध्ये काळा ठिपका राहिला आणि त्याला करपल्याचा वास असला, तर प्लेटचा लेप सुटू लागला आहे आणि माझा वरचा तर्क मला मागे घ्यावा लागेल.

रिमॅपबद्दल थोडे. ४५ हा आकडा गिअरबॉक्सच्या ४५० न्यूटन-मीटर क्षमतेवरून आला आहे, म्हणजे कागदावर तुम्ही सीमेच्या आत आहात, अगदी काठावर. खरी अडचण वेगळीच असू शकते. गिअरबॉक्सचा संगणक क्लचवर किती दाब द्यायचा हे इंजिनाचा संगणक किती टॉर्क सांगतो त्यावरून ठरवतो. काही रिमॅपमध्ये इंजिन प्रत्यक्षात ४४० देते आणि गिअरबॉक्सला ३५० च्या आसपासच कळवते. मग दाब ३५० च्या हिशेबाने येतो आणि क्लच घसरतो. यात क्लचचा दोष नसतो. ट्यूनरना हा प्रश्न थेट विचारा : गिअरबॉक्सला कळवला जाणारा टॉर्क खरा आहे का? उत्तरादाखल ते नुसते हसले तर दुसरे ट्यूनर शोधा. तरीही, दाब सगळीकडेच कमी पडत असता तर ई आणि डी क्लचही कुरकुरले असते, त्यामुळे रिमॅपने सी क्लचमधला आधीचाच दुबळेपणा उघडा पाडला, असे मी म्हणेन.

पातळी नीट करून आणि रिमॅप तात्पुरता मूळच्या मॅपवर आणूनही त्रास राहिला, तर स्कॅनरवर प्रत्येक क्लचची अॅडॅप्टेशनची मूल्ये वाचून घ्या. झीज भरून काढण्यासाठी संगणक प्रत्येक क्लचचा भरण्याचा वेळ आणि दाब हळूहळू बदलत असतो आणि ते आकडे जपून ठेवतो. चार घटकांचे आकडे एकमेकांच्या जवळ आणि सीचा एकटाच दूर गेलेला असेल, तर निदान पक्के होत आले. हे आकडे आधी लिहून घ्या आणि मगच पुसा. पुष्कळ ठिकाणी स्कॅनर लावल्याबरोबर पहिले काम म्हणून अॅडॅप्टेशन पुसतात, आणि त्याबरोबर पुरावाही पुसला जातो.

शेवटची तपासणी सम्प उतरवून करायची आहे. गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही, आणि ही तपासणी होईपर्यंत कोणालाही तो उतरवू देऊ नका. सम्प प्लॅस्टिकचा आहे आणि फिल्टर त्यातच बसवलेला असतो, म्हणून तो नवा घालावा लागेल. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असणे स्वाभाविक आहे. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण किंवा पितळी चकाकी दिसली तर मात्र थांबा आणि मला कळवा. मग मेकाट्रॉनिक, म्हणजे व्हॉल्व्ह आणि संगणक असलेला सगळा संच, खालूनच उतरवता येतो. तो निघाला की वर कवचात प्रत्येक क्लचला तेल नेणारी छिद्रे उघडी पडतात. सी क्लचच्या छिद्राला रबरी टोकाची हवेची नळी घट्ट लावून सुमारे ३० पीएसआय हवा सोडावी. आतला पिस्टन सरकून प्लेटांवर बसतो तेव्हा ‘थप्’ असा दबका आवाज येतो, आणि नळी धरून ठेवली तर त्यानंतर जवळजवळ शांतता असते. थप् आल्यानंतर सतत फुसफुस ऐकू आली, किंवा थप् आलेच नाही, तर सील गेले आहे आणि गिअरबॉक्स उतरवून उघडण्याला पर्याय नाही. शेजारच्या ई क्लचवर हीच हवा सोडून आवाज ताडून पाहावा, म्हणजे कानाला फरक कळतो. सीने हवा नीट धरली, तर दोष हातात असलेल्या व्हॉल्व्हच्या संचात आहे आणि गिअरबॉक्स गाडीतच राहू द्यावा. या कामाला कंप्रेसर बंद करून गॅरेजमधला पंखा आणि रेडिओही बंद करावा लागतो, हे ज्याला हास्यास्पद वाटेल त्याच्याकडे हे काम देऊ नये.

तापमानाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तिसऱ्या धावेच्या सुरुवातीला तेल १२१ अंशांवर आहे आणि ते मला खटकले. ब्रेक धरून रेस देता तेव्हा चाके स्थिर असतात आणि इंजिनाची सगळी शक्ती कन्व्हर्टरमधल्या तेलात उष्णता होऊन जाते. ३०० न्यूटन-मीटर आणि २,५०० आरपीएम धरले तर ही शक्ती ७८ किलोवॉट होते. गिअरबॉक्समधल्या सुमारे नऊ लिटर तेलाचे वजन साडेसात किलोच्या आसपास भरेल, आणि ते दर सेकंदाला पाच अंशांनी तापेल. हे माझे ढोबळ गणित आहे, यात धातूने शोषलेली उष्णता धरलेली नाही, पण रेषेवर चार सेकंद ब्रेक धरून उभे राहण्याची किंमत कळायला ते पुरे आहे. दोन धावांच्या मध्ये इंजिन बंद करू नका. पार्कमध्ये ठेवून चालू द्या, म्हणजे पंप तेल फिरवत राहील. बोनेटवर ओले पोते टाकण्याची आपल्याकडची पद्धत इंजिनाला थोडाफार दिलासा देत असेल, पण गिअरबॉक्सपर्यंत तो पोहोचत नाही. तुमच्या गाडीत गिअरबॉक्सचे तेल इंजिनाच्या पाण्याने थंड होते, त्यामुळे ते त्या पाण्याहून गार कधीच होणार नाही. शर्यती चालू ठेवायच्या असतील तर हवेवर चालणारा वेगळा कूलर लावून घ्या. आणि तेल ९० अंशांच्या खाली आल्याशिवाय पुढच्या धावेला जाऊ नका, मग भले तुमचा क्रमांक दुसऱ्याला द्यावा लागला तरी.

अमळनेरचे एक वाचक लिहितात :

माझ्या टर्बो पेट्रोल हॅचबॅकला सात गिअरचा, कोरड्या जोडक्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. रिमॅपनंतर टॉर्क सुमारे ३०० न्यूटन-मीटर झाला. रात्री बायपासवर मित्रांबरोबर चार-पाच वेळा लाँच (उभ्या गाडीला पूर्ण रेस देऊन झटक्यात निघणे) केल्यावर सकाळी गाडी काढताना पुढे सरकताना थरथरते. रिव्हर्समध्ये थरथरत नाही. तेल बदलून फरक पडेल का?

उत्तर :

तेलाने फरक पडणार नाही, कारण तुमचे दोन्ही क्लच तेलात बुडालेले नाहीत. फोक्सवॅगन समूहाचा हा गिअरबॉक्स, डीक्यू२००, २५० न्यूटन-मीटरसाठी आखलेला आहे. तुम्ही त्याला ३०० देत आहात आणि उष्णता वाहून न्यायला तिथे तेल नाही. पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा हे गिअर के-१ क्लचवर चालतात, आणि दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स के-२ वर. पुढे सरकताना थरथर आणि रिव्हर्सला शांतता, म्हणजे के-१ ची प्लेट चकाकून गुळगुळीत झाली आहे किंवा वाकली आहे, कारण लाँचचा सगळा मार तिच्यावर पडतो. खात्री करायची असेल तर मोकळ्या सपाट जागेत गिअर हाताने तिसऱ्यावर ठेवून २,००० आरपीएमपासून पूर्ण रेस द्या, आणि मग तेच चौथ्यावर करा. तिसऱ्याला आरपीएम वेगाच्या पुढे पळाले आणि चौथ्याला पळाले नाहीत, तर शंका उरत नाही. इंजिन बंद करताना खडखड ऐकू येत असेल तर फ्लायव्हीलही पाहून घ्या. क्लच मिळतो तो दोन्ही मिळून एक संच म्हणून, त्यामुळे ‘एकच बदला’ असा आग्रह धरू नका.

बायपासबद्दल एकदाच लिहितो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याच बायपासवर पहाटे भाजीचे टेम्पो आणि दिवे नसलेल्या बैलगाड्याही असतात. यापुढे अशा धावांच्या आधारे विचारलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तर मिळणार नाही.

जळगावच्या तंत्रनिकेतनातली एक विद्यार्थिनी विचारते :

अमेरिकेतल्या ड्रॅगच्या गाड्यांत अजूनही १९५० साली आलेला शेवरलेचा दोन गिअरचा पॉवरग्लाइड आणि जनरल मोटर्सचा तीन गिअरचा टर्बो ४०० वापरतात, असे वाचले. त्यांत संगणक नसताना दोष कसा शोधतात?

उत्तर :

वर धुळ्याच्या वाचकांसाठी जी यादी केली तशीच यादी करतात, फक्त ती बोटांवर मावते. पॉवरग्लाइडमध्ये पहिल्या गिअरला एक पट्टा ड्रमला आवळतो, दुसऱ्या गिअरला हाय क्लच धरतो आणि मागे जायला रिव्हर्स क्लच धरतो. गाडी लोमध्ये, म्हणजे पहिल्या गिअरला, हलत नाही पण रिव्हर्सला जाते, तर पट्टा गेला. बदल होताना आरपीएम उडतात, तर हाय क्लच. रेषेवर उभे राहण्यासाठी तिथे ट्रान्सब्रेक वापरतात, जो पहिला गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी धरून गाडी आतूनच जखडतो. ट्रान्सब्रेक लावलेला असताना पूर्ण रेसवर गाडी इंच-इंच पुढे सरकू लागली, तर रिव्हर्स क्लच थकला आहे. त्यामुळे ट्रान्सब्रेकवर उभे राहणे हीच तिथे दर वेळी होणारी एक चाचणी असते.

टर्बो ४०० मध्ये डायरेक्ट क्लच तिसऱ्या गिअरलाही लागतो आणि रिव्हर्सलाही. म्हणून तिसऱ्याला घसरणारी गाडी तिथला जुना मिस्त्री प्रथम रिव्हर्समध्ये घालून पाहतो. दोन्हीकडे घसरली तर डायरेक्ट क्लच, फक्त रिव्हर्सला घसरली तर मागचा पट्टा. या गिअरबॉक्सच्या कवचावर तेलाचा दाब मोजायला आयते छिद्र असते, तिथे ३०० पीएसआयपर्यंतचा मीटर लावून गाडी चालवता येते. मीटरचा काटा बदलाच्या क्षणी पडून तिथेच रेंगाळला तर कुठेतरी गळते आहे, आणि काटा स्थिर असूनही घसरण झाली तर प्लेट जळाल्या आहेत. तुमच्या प्रयोगशाळेत कापून ठेवलेला गिअरबॉक्स असेल तर त्याच्या कवचावर असे बूच शोधून पाहा. जुन्या ऑटोमॅटिकपैकी बहुतेकांवर ते सापडते.

टर्बो ४०० मधल्या एका खोडीने मात्र अनेकांना फसवले आहे. त्याच्या बाजूला एक डबी असते, व्हॅक्युम मॉड्युलेटर, आणि ती इंजिनाच्या मॅनिफोल्डमधल्या निर्वातावरून इंजिनावरचा भार ओळखून दाब ठरवते. तिच्यातला पडदा फाटला की बदल उशिरा आणि धाडकन होतात, आणि इंजिन त्याच नळीने गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळते. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, तेल दर आठवड्याला कमी होते आणि खाली एक थेंबही सांडलेला दिसत नाही. अशा गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही उघडण्याची तयारी झालेली असते. त्याआधी ती नळी काढून आत बोट घालावे. बोटाला तेल लागले तर डबी बदलायची आहे, बाकी काही नाही.